प्रयागबाईनं सोडलेली गोळी

आमच्या अनसिंगकडच्या गावांत दोन जावांचं पटलं तर लोकांना करमत नाही. "अजून वेगळ्या चुली नाई झाल्या का तुमच्या?" असं मला विहिरीवर कितीदा तरी विचारलं गेलं, आणि मी प्रत्येकीला तिच्याच घरातलं काहीतरी ऐकवून गप्प केलं. माझं तोंड आधीपासूनच फाटकं. माझी थोरली जाऊ प्रयागबाई अगदी उलट. मी तिला बाई म्हणायची, ती मला रुख्मे. मी दिवसभर कटकट करायची आणि ती ऐकून घ्यायची, म्हणून आमची चूल एक राहिली. तिच्याबद्दल लिहायचं माझ्या मनात फार दिवसांपासून होतं.

बाई रिठदची. अंगानं काटकुळी, बोलणं जेवढ्यास तेवढं. एकच लेक, बेबी, ती धनजला दिलेली. बाईचं नाव होतं ते पेरणीतल्या हातासाठी. आमच्याकडे तिफणीमागे सरतं, म्हणजे दाणे सोडायची पोकळ नळी, धरून एक बाई चालते आणि मुठीतली तूर त्याच्या तोंडात सारखी सोडत राहते. बैल थांबत नाहीत, त्यामुळे हात चुकला की दाणे एके ठिकाणी पडतात आणि पुढे जमीन रिकामी राहते. प्रयागबाईचा हात कधी चुकायचा नाही. तूर वर आली की रस्त्यानं जाणारासुद्धा म्हणायचा, हे तास तिनंच धरलेलं. पेरणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या वावरातूनही तिला बोलावणं यायचं आणि ती कुणाला नाही म्हणायची नाही.

तिचा नवरा बबनराव, म्हणजे माझे भासरे. आता भासऱ्याचं काय असतं ते सांगते. त्यांच्यासमोर धाकट्या भावजयीनं डोक्यावरून पदर घ्यायचा आणि तोंड उघडायचं नाही. अगदीच गरज पडली तर भिंतीकडे बघून म्हणायचं, "कोनी सांगा त्यायले, जेवन झालं." लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी त्यांच्याशी थेट एक शब्द बोलले नव्हते. माझ्यासारखीला ही केवढी शिक्षा, विचार करा.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात आमच्या वावरातल्या विहिरीचा गाळ काढायला घेतला. भासरे खाली होते. अचानक एका बाजूची कड ढासळली आणि ते छातीपर्यंत मातीत गेले. मी तेव्हा बाळंतीण, घरात खाटेवर, त्यामुळे हे सगळं मला नंतर कळलं. बौद्धपुऱ्यातला भिवाजी कमरेला दोर बांधून उतरला आणि हातानं माती उकरत राहिला. काठावर सगळा गाव जमला होता. आरडाओरडा इतका, की कोण काय ओरडतंय ते कुणालाच समजत नव्हतं. बाई काठावर पालथी पडून खाली तोंड करून ओरडत होती, एवढं मला माझ्या नवऱ्यानं, जगदेवनं सांगितलं. दुपारी भासऱ्यांना वर काढलं. खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. त्यांनी वर आल्या आल्या बिडी मागितली आणि हसले. बाईचा आवाज मात्र बसला तो आठवडाभर फुटला नाही.

भासरे बरे झाले आणि बाई आजारी पडली. त्यांना वावरातून यायला जरा उशीर झाला की तिचे हातपाय गार पडायचे, छाती धडधडायची, घास गिळता यायचा नाही. उठून दारात जायची, परत आत यायची, परत दारात. झोप तर उडालीच. भासरे हसायचे. "मी जित्ता हाय न समोर, मंग कायले घोर करतं?" म्हणायचे. तिला ते पटायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी जगदेव तिला वाशीमला ठाकूर डॉक्टरांकडे घेऊन गेला.

ठाकूर डॉक्टर म्हणजे उंचपुरा माणूस, बोलायला सावकाश. त्यांनी तिला तपासलं, सगळं ऐकून घेतलं आणि धसक्यावरच्या बारीक पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या. रोज झोपताना एक, पंधरा दिवस. "मग मला दाखवायला या, मग पुढचं पाहू," असं त्यांनी बजावलं होतं. गोळी लागू पडली. कितीतरी दिवसांनी बाई सकाळपर्यंत झोपली आणि उठून तिनं मला विचारलं, "रुख्मे, कोंबडा आरवला का नाई आज?" मला इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी कुणाशीच भांडले नाही.

पंधरा दिवस संपले तेव्हा पेरणी तोंडावर आलेली. वाशीमला कोण जातं? जगदेव तोच जुना कागद घेऊन अनसिंगच्या स्टँडाजवळच्या औषधाच्या दुकानात गेला आणि दुकानदारानं काही न विचारता पुडी बांधून दिली. पुढच्या महिन्यातही तसंच. तो कागद घडीवर घडी पडून फाटायला आला तरी चालला. पुढे बाई दुपारीही एक घ्यायला लागली. गोळ्या कुंकवाच्या करंड्यात ठेवायची आणि बाहेर जाताना कमरेला पुडी खोचायची. मी म्हणायची, "बाई, हे औषध हाय का फुटाने?" ती हसायची. हसणंही आता जरा उशिरानं यायचं. दुसऱ्या वर्षी सरत्यावर तिच्या हातची तूर दाट-विरळ उगवली. कुणी काही बोललं नाही, पण त्यानंतर दुसऱ्यांच्या वावरातून बोलावणं आलं नाही.

मग आला शहात्तर सालचा चातुर्मास. आमच्याकडे आषाढी एकादशीला प्रत्येक बाई काहीतरी सोडते, ते कार्तिकीपर्यंत. कुणी वांगं, कुणी कांदा, कुणी ताट सोडून पानावर जेवते. अट एकच, सोडायची वस्तू आपल्या जिवाची पाहिजे. शेजारची गिरजाबाई दरवर्षी कारलं सोडायची आणि आम्ही दरवर्षी पोट धरून हसायचो. मी बाईला विचारलं, "यंदा काय सोडलं?"

"हाय एक," ती म्हणाली.

मला वाटलं गूळ सोडला असेल, तिला गूळ फार आवडायचा. मी जास्त खोदून विचारलं नाही.

तीन-चार दिवसांनी तिची झोप उडाली. मग हात कापायला लागले. भाकरी थापताना परातीतलं पीठ उडायचं. भांडं आदळलं की ती दचकून उभी राहायची, उन्हाकडे बघता यायचं नाही, अंगाला दरदरून घाम. मी म्हटलं ताप असेल, काढा करून दिला. ती काही सांगेना. आठवडा उलटला आणि एका सकाळी ती अंगणात सडा टाकताना तांब्यासकट आडवी झाली. डोळे फिरलेले, दात बसलेले, सगळं अंग झटके देऊन राहिलेलं.

अंगण भरायला वेळ लागला नाही. कुणी म्हणालं चप्पल हुंगवा, कुणी म्हणालं कांदा फोडा. गिरजाबाई तर हळद-कुंकू घेऊन आली, देव अंगात आला म्हणून बाईच्या कपाळाला लावायला. माझं डोकं फिरलं. "देव आला असल तर तो वाशीमले येईन आमच्यासंग, तुमी व्हा तिकडं," असं मी म्हणाले आणि सगळ्यांना बाजूला केलं. बाईला कुशीवर वळवलं, झटके थांबले तशी बैलगाडीत घातली आणि फाट्यावर सकाळची एस. टी. गाठली. कंडक्टरनं मागची लांब सीट रिकामी करून दिली. भासरे तिच्या पायाशी बसले होते आणि खिडकीबाहेर बघत होते.

ठाकूर डॉक्टरांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर बाईला निजवलं, सुई दिली. मग डॉक्टरांनी विचारलं, "हिचं औषध काय चालू आहे?"

मी गोळीचं सांगितलं. किती दिवस, तेही सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा बदलला. "मी पंधरा दिवसांची लिहिली होती. दोन वर्षं कोणी सांगितली?" मी जगदेवकडे बघितलं. "आणि आता कधी घेतली होती शेवटची?"

मला ते माहीतच नव्हतं. खाटेवरून बाईचा बारीक आवाज आला. "सोडली. एकादशीले. नेम धरला."

डॉक्टर स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते लहान पोराला समजावतात तसं बोलले. "प्रयागबाई, गोळी वाईट नव्हती. तेव्हा तुम्हाला तिची गरज होती. पण रोज रोज घेतली की अंगाला तिची सवय लागते, आणि मग एकदम सोडली की अंग असं झटके देतं. ही गोळी घ्यायलाही डॉक्टर लागतो आणि सोडायलाही. आजपासून पुन्हा सुरू करायची. मग मी सांगेन तेव्हा, मी सांगेन तेवढीच, थोडी थोडी कमी करू. काही महिने जातील. मध्येच मनानं बंद करायची नाही, मनानं वाढवायची नाही, तिच्यासोबत दुसरं कसलं झोपेचं औषध नाही, आणि शेजारीण मागायला आली तर तिला द्यायची नाही."

"सुई तुमी टोचली, ते माह्या हातात नोतं," बाई म्हणाली. "गोळी मी नाई घेत. देवापुढं पानी सोडलं हाय."

डॉक्टरांनी परत सांगितलं. जगदेवनं सांगितलं. मी तर हात जोडून, ओरडून, रडून सांगितलं. ती दात आवळून भिंतीकडे तोंड करून पडली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. "आता सुईवर निभावलं आहे, पण घरी रोज कोण सुया देणार? असाच दुसरा झटका आला आणि थांबला नाही तर जीव जाईल तिचा. काहीही करा, पण तिला तयार करा."

माझं डोकं एकाच बाजूनं चालतं, ते म्हणजे पुढे घुसायचं. मी आत गेले, तांब्यातलं पाणी हातावर घेतलं आणि बाईच्या देखत खाली सोडलं. "तुमचा नेम आता माह्यावर. मी चहा सोडला. देवानं जे काय मागाचं ते मले मागावं. घ्या गोळी." चहावाचून माझं पान हलत नाही हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं.

बाई इतक्या दुखण्यातही हसली. "तुह्या चहानं नाई भागत रुख्मे."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं डोकं असं ठणकलं की डोळे उघडवेनात. डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी कपाळाला फडकं बांधून बसले होते. कारण ऐकून ते म्हणाले, "एका दिवसाचा चहा सोडला तर तुमचं डोकं असं. मग हिच्या अंगाचं काय झालं असेल ते आता कळलं ना?" खरंच कळलं. मी बाईच्या खाटेवर जाऊन बसले आणि तिचा कापणारा हात धरला. जबरदस्ती करायचा जोरच माझ्यात उरला नव्हता. मी नुसतं विचारलं, "काहून बाई? एवढं काहून?"

तिनं हात सोडवून घेतला. मग पदराचं टोक तोंडावर धरून म्हणाली, "त्या दिवशी विहिरीवर मी त्यायचं नाव घेतलं."

मला आधी समजलंच नाही.

"बबन म्हनून. एकडाव नाई, किती डाव. खाली तोंड करून मी बबन बबन करून राह्यलो होतो. सुद नोती मले. मंग ते वर आले न मले याद आलं, आपन काय केलं. नवऱ्याचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य घटते, माह्या मायनं सांगतलं होतं. त्यायले उशीर झाला का मले वाटते, घटलं ते आज भरलं. दोन वर्सं झाले, रोज वाटते." तिनं डोळे पुसले. "म्हनून देवाले म्हनलं, मले जे सगळ्यात लागते ते तू घे, अन् त्यायचं घटलेलं वापस दे. आता गोळी घेतली तर ते त्यायच्या जिवावर जाईन. मी मेलो तर मेलो."

दोन वर्षं ही बाई माझ्या शेजारी बसून भाकरी थापत होती आणि हे सगळं एकटी पोटात घेऊन फिरत होती. राग कुणावर काढायचा तेही समजेना, तिच्या मायवर काढावा तर ती कधीच मेलेली.

मी उठून बाहेर आले. बाहेरच्या बाकड्यावर भासरे बसले होते, हातात न पेटवलेली बिडी. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांना काय म्हणून हाक मारायची हेसुद्धा मला माहीत नव्हतं. पदर डोक्यावर घेतला आणि थेट त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "आइका. बाईनं गोळी काहून सोडली ते तुमाले माहीत हाय का?" जगदेव बाजूला उभा होता, तो घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी थांबले नाही, सगळं सांगितलं. "अन् तुमी हसत होते तिले," असंही म्हणाले. ते सांगायची गरज नव्हती, पण निघून गेलं तोंडातून.

भासऱ्यांनी बिडी खिशात ठेवली, उठले आणि आत गेले. खाटेच्या पायथ्याशी बसले. मी दारात थांबले. तिथून जायला पाहिजे होतं, पण माझे पाय निघेनात.

"मले आइकू येत होतं," ते म्हणाले.

बाईनं भिंतीकडचं तोंड वळवलं नाही.

"माती छातीवर होती, पन कान मोकळे होते. वर सारे बोंबलून राह्यले होते. कोनी बबनराव म्हने, कोनी भाऊ म्हने. अन् एक आवाज नुसता बबन, बबन करून राह्यला होता. माय मेल्यापासून मले बबन म्हननारं कोनी राह्यलं नोतं. मले वाटलं मायच आली न्याले. म्हनलं चला, गेलो आपन." त्यांनी बाईच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. "मंग आवाज ओळखू आला. म्हनलं, हे तर आपलीच हाय, हे बोलावून राह्यली. मंग मी जीव धरून राह्यलो. आवाज आला का एक श्वास घ्याचा, परत आला का परत घ्याचा. भिवाजी येईलोक असंच. घटलं नाई प्रयाग. तेवढंच होतं माह्यापाशी तिथं."

बाई वळली. मी त्यांच्या लग्नाला नव्हते, पण तेव्हापासूनच्या संसारात इतका वेळ त्यांनी एकमेकांकडे पाहिलं नसेल.

"तुमी तर हसत आले वरतं," ती म्हणाली.

"हात कापून राह्यले होते. ते दिसू नये म्हनून बिडी मांगतली. मलेबी भ्याव वाटते त्या विहिरीचं. बायकोले कसं सांगाव?"

मी दारात उभी राहून मनसोक्त रडले, लाज सोडून. कंपाउंडरनं गोळी आणि पाण्याचा पेला आणून ठेवला होता तो तसाच स्टुलावर होता. भासऱ्यांनी गोळी उचलून हातावर घेतली.

"देवाले काय सांगू मी?" बाईनं विचारलं.

"सांग का नेम मोडला नाई म्हनाव. सोडनंच हाय गोळी, पन डाक्टर सांगते तशी सोडनं हाय."

तिनं त्यांच्या हातावरची गोळी घेतली आणि गिळली. मी देवाला मनातल्या मनात नमस्कार केला आणि मग चहाची इतकी आठवण आली की सांगता सोय नाही. पण पाणी सोडलं होतं. कार्तिकीपर्यंत मी चहाला शिवले नाही, आणि त्या चार महिन्यांत घरातल्या सगळ्यांनी माझ्या दुप्पट शिव्या खाल्ल्या.

गोळी मात्र कार्तिकीला सुटली नाही. बाईची फार इच्छा होती, पण डॉक्टर म्हणाले, देवाची तारीख वेगळी आणि अंगाची वेगळी. दुपारची आधी बंद झाली, मग रात्रीची सावकाश कमी होत गेली. प्रत्येक वेळी कमी केली की काही दिवस वाईट जायचे. छाती धडधडायची, झोप तुटायची, ती रडवेली व्हायची. एकदा ते जास्तच झालं तेव्हा डॉक्टरांनी कमी करणं थांबवलं आणि महिनाभर तेवढीच ठेवली. दर खेपेला आम्ही वाशीमला जायचो, मनानं काही केलं नाही. त्या दिवसांत भासरे संध्याकाळी लवकर घरी यायचे आणि ओट्यावर तिच्याजवळ बसायचे. फार बोलायचे नाहीत. एकदा मी आतून ऐकलं, ते तिला सांगत होते की विहिरीत माती थंड होती, आणि ती विचारत होती, किती थंड. मी तिथून निघून गेले आणि मुद्दाम भांडी वाजवत बसले.

होळी झाली आणि गोळी संपली. त्यानंतर डॉक्टरांनी एकदा नुसतं बघायला बोलावलं. भासरे बाहेर बाकड्यावर बसले, मी आणि बाई आत गेलो. डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली, हात पुढे करायला लावले, झोपेचं विचारलं.

"भीती वाटते का अजून?"

"येते," बाई म्हणाली. "मंग जाते."

"आली की काय करता?"

"ह्यायले हाक मारतो."

"काय म्हणून?" डॉक्टर लिहिता लिहिता सहज म्हणाले.

बाईनं माझ्याकडे बघितलं. डोक्यावरचा पदर नीट केला. मग खालच्या मानेनं नाही, मान वर करून, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "बबन."

बाहेरच्या बाकड्यावरून लगेच ओ आली.